शस्त्रक्रिया : निर्णय, कौशल्य आणि संमती
(अलीकडील संशोधनाच्या आधारे महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

औषध बंद करता येते, पथ्य बदलता येते, चुकलेले निदान वेळीच लक्षात आल्यास दुरुस्त करता येते. शस्त्रक्रियेचे तसे नाही. काढून टाकलेला अवयव पुन्हा बसविता येत नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया कोणी करावी, केव्हा करावी, कशी करावी आणि ज्याच्या शरीरावर ती होणार आहे त्याला काय सांगून करावी, हे प्रश्न केवळ शल्यचिकित्सकांपुरते मर्यादित राहत नाहीत. कायदा, समाजशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि भाषा या सर्व विद्याशाखांचा त्यांच्याशी संबंध येतो.

गेल्या दोन दशकांत या प्रश्नांवर जगभर मोठ्या प्रमाणावर संशोधन झाले. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने नेमलेल्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने असे दाखवून दिले की, जगातील सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया आणि भूल वेळेवर मिळत नाही. जीव वाचविण्यासाठी व अपंगत्व टाळण्यासाठी दरवर्षी १४ कोटी ३० लाख अधिक शस्त्रक्रियांची गरज आहे, असा अंदाज आयोगाने मांडला. या आकड्यांवरून शस्त्रक्रियांचा तुटवडा हीच एकमेव समस्या आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यानंतर चारच वर्षांनी, २०१९ मध्ये, महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यातून समोर आलेल्या माहितीने याच प्रश्नाची दुसरी बाजू उघड केली. तेथे हजारो ऊसतोडणी कामगार स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आलेली होती. एकाच राज्यात एकीकडे आवश्यक शस्त्रक्रिया मिळत नाही आणि दुसरीकडे अनावश्यक शस्त्रक्रिया होते, ही वस्तुस्थिती अभ्यासकांपुढे आहे.

नाशिक परिसराच्या दृष्टीने या विषयास विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्रातील वैद्यकीय, आयुर्वेद, दंत, होमिओपॅथी, परिचर्या आदी आरोग्यविषयक शिक्षणाचे नियमन करणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झाले. राज्यात घडणाऱ्या भावी शल्यचिकित्सकांच्या परीक्षा व पदव्या याच शहरातून दिल्या जातात. त्याचप्रमाणे गाळप हंगामात नाशिक जिल्ह्यातील ऊसपट्ट्यातही स्थलांतरित तोडणी मजुरांच्या टोळ्या येत असतात.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) शल्यचिकित्सकाच्या कर्तव्याची भारतीय कायद्यातील चौकट स्पष्ट करणे.
२) शस्त्रक्रियेचा निर्णय, तंत्र व प्रशिक्षण यांविषयीच्या अलीकडील संशोधनाचा परिचय करून देणे.
३) बीड जिल्ह्यातील प्रकरणाच्या आधारे वैद्यकीय नीतीच्या प्रश्नांचा विचार करणे.

१. तीन कर्तव्ये : एका जुन्या खटल्याची चौकट

भारतातील वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्याची चर्चा ज्या खटल्यापासून सुरू होते, तो खटला महाराष्ट्रातील आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथील समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अपघातात सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. प्राथमिक उपचारानंतर त्यास मोटारीने दूरवरच्या पुण्यास नेण्यात आले. तेथील रुग्णालयात हाड जागेवर बसविण्याचा प्रयत्न झाला आणि त्याच दिवशी रात्री त्या तरुणाचा मृत्यू झाला. पूर्ण भूल न देता अतिरिक्त बळ वापरून पाय ओढण्यात आला व त्या धक्क्याने मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात नुकसानभरपाईची रक्कम अवघी ३,००० रुपये होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये दिलेल्या निर्णयाचे महत्त्व त्या रकमेत नाही.

या निर्णयात न्यायालयाने वैद्यकीय व्यावसायिकाची तीन कर्तव्ये सांगितली. पहिले, रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना घ्यावयाची काळजी. दुसरे, कोणता उपचार करावा हे ठरविताना घ्यावयाची काळजी. तिसरे, तो उपचार प्रत्यक्ष करताना घ्यावयाची काळजी. यांपैकी कोणत्याही एका कर्तव्यात कसूर झाल्यास डॉक्टर उत्तरदायी ठरतो. प्रत्येक रुग्ण बरा झालाच पाहिजे अशी अपेक्षा कायदा करीत नाही. वाजवी ज्ञान, वाजवी कौशल्य व वाजवी दक्षता एवढीच त्याची अपेक्षा असते.

ही तीन कर्तव्ये अलीकडील संशोधन समजून घेण्यासही उपयुक्त ठरतात. रुग्ण स्वीकारण्याची पात्रता हा प्रशिक्षणाचा विषय आहे. उपचार ठरविणे हा पुराव्याचा विषय आहे. उपचार करणे हा कौशल्याचा व शिस्तीचा विषय आहे. 'वाजवी' या शब्दाचा अर्थ काळानुसार बदलतो आणि तो बदलण्याचे काम संशोधन करते. म्हणून पुढील विवेचन प्रथम निर्णय, नंतर प्रत्यक्ष कृती व त्यानंतर प्रशिक्षण या क्रमाने केले आहे.

२. कोणता उपचार : मुंबईतील तीन चाचण्या

शल्यचिकित्सकाचा निर्णय पूर्वी प्रामुख्याने गुरुपरंपरा व वैयक्तिक अनुभव यांवर आधारलेला असे. अनुभवाचे मोल नाकारता येत नाही. तथापि त्यात एक दोष असतो. डॉक्टर साधारणतः ज्याची प्रकृती बरी आहे अशाच रुग्णावर शस्त्रक्रिया करतो. असे रुग्ण अधिक काळ जगले तर ते शस्त्रक्रियेमुळे जगले की मुळातच सुदृढ असल्यामुळे जगले, हे अनुभवावरून ठरविता येत नाही. यासाठी यादृच्छिक चाचणीची पद्धत वापरली जाते. समान स्थितीतील रुग्णांची, त्यांच्या संमतीने, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली जाते आणि दोन्ही गटांच्या परिणामांची तुलना केली जाते.

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने अशा पद्धतीने केलेल्या तीन चाचण्या येथे विचारात घेण्यासारख्या आहेत.

पहिली चाचणी तोंडाच्या कर्करोगाविषयी आहे. तंबाखू व सुपारीच्या सेवनामुळे भारतात हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. रोग प्रारंभिक अवस्थेत असून मानेतील लसिकाग्रंथींमध्ये पसरल्याचे दिसत नसेल, तर तोंडातील गाठीबरोबरच मानेतील ग्रंथीही काढाव्यात, की त्या वाढल्या तरच नंतर काढाव्यात, याविषयी अनेक दशके मतभेद होते. डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ५०० रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते. वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजेच अशा प्रत्येक आठ रुग्णांमागे एक अधिक जीव वाचतो. येथे पुराव्याने शस्त्रक्रियेच्या बाजूने कौल दिला.

दुसरी चाचणी स्तनांच्या कर्करोगाविषयी आहे. रोग शरीरात इतरत्र पसरलेल्या स्थितीत निदान झाल्यास स्तनातील मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते, असे पूर्वीच्या नोंदींवरून वाटत होते. डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी ३५० स्त्रियांवर चाचणी केली व तिचे निष्कर्ष २०१५ मध्येच प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे मध्यम आयुर्मान १९.२ महिने, तर न झालेल्या गटाचे २०.५ महिने आढळले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. पूर्वीच्या नोंदींतील लाभ हा बहुतांशी रुग्णांच्या निवडीचा परिणाम असावा, असे यावरून दिसते. येथे पुराव्याने शस्त्रक्रियेच्या विरुद्ध कौल दिला.

तिसरी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रारंभिक अवस्थेतील स्तनांच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया सुरू करण्यापूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे साधे, स्वस्त व सर्वत्र मिळणारे बधिरीकरणाचे औषध टोचावयाचे, एवढाच या चाचणीतील फरक होता. भारतातील ११ केंद्रांवरील सुमारे १,६०० स्त्रियांचा त्यात समावेश होता. पाच वर्षांनंतर औषध टोचलेल्या गटात ९०.१ टक्के, तर दुसऱ्या गटात ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली गेल्याने कर्करोगाच्या पेशी पसरण्याची जी शक्यता असते, ती या औषधामुळे कमी होत असावी, ही या चाचणीमागील कल्पना होती. या निष्कर्षाची अन्यत्र पडताळणी होणे आवश्यक आहे; तरीही शस्त्रक्रियेतील सुधारणा म्हणजे महागडी यंत्रे हा समज किती अपुरा आहे, हे यावरून स्पष्ट होते.

या तिन्ही चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांहून भिन्न आहेत. एक चाचणी शस्त्रक्रिया वाढवावी असे सांगते, दुसरी करू नये असे सांगते आणि तिसरी तीच शस्त्रक्रिया किंचित वेगळ्या रीतीने करावी असे सांगते. पुराव्याधिष्ठित शल्यचिकित्सा शस्त्रक्रियेच्या बाजूची किंवा विरुद्ध बाजूची नसते, हे यातून लक्षात येते.

३. निर्णय चुकतो तेव्हा : बीड जिल्ह्यातील प्रकरण

पुराव्याची ही शिस्त जेथे पोहोचत नाही तेथे काय घडते, याचे उदाहरण म्हणून बीड जिल्ह्यातील प्रकरणाकडे पाहता येईल. २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून हा विषय पुढे आल्यानंतर विधान परिषदेत त्यावर चर्चा झाली. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सभागृहात दिली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या अहवालानुसार, पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोडणी कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण १६.८ टक्के होते. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट व पद्धती एकसारख्या नाहीत. त्यामुळे ही तुलना काटेकोर मानता येणार नाही. तथापि पाचपटीहून अधिक असलेला फरक केवळ पद्धतीच्या भेदाने स्पष्ट होत नाही.

या आकड्यांमागील कारणे शोधताना वैद्यकशास्त्राबाहेर पडावे लागते. ऊसतोडणीत नवरा-बायकोची जोडी हे मजुरीचे एकक असते. तिला 'कोयता' असे म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते व ती हंगामभर फेडावी लागते. एक दिवस काम चुकले तर 'खाडा' धरून पैसे कापले जातात. फडात स्वच्छतागृह नसते, पाण्याची सोय अपुरी असते, झोपडीत आडोसा नसतो. मोळ्या उचलण्याचे अवजड काम गरोदरपणात व बाळंतपणानंतरही थांबत नाही. अशा स्थितीत जंतुसंसर्ग, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे व पाळीचे विकार वाढणे स्वाभाविक आहे. लग्ने लहान वयात होत असल्याने तिशीपूर्वीच मुले होऊन नसबंदीही झालेली असते. या अवस्थेत तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेलेल्या स्त्रीला 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' असा सल्ला मिळाल्यास तिला तो सुटकेचा मार्ग वाटतो. पाळीच राहिली नाही तर खाडाही पडणार नाही, असा हिशेब त्यात मिसळतो. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून भागविला जातो आणि कर्जाचे चक्र पुढे चालू राहते.

वैद्यकीय दृष्ट्या पाहता यांपैकी बहुसंख्य तक्रारींसाठी गर्भाशय काढणे हा पहिला उपचार नाही. जंतुसंसर्गावर प्रतिजैविके आहेत. अतिरक्तस्रावावर औषधे व गर्भाशयात बसविण्याची संप्रेरकयुक्त साधने आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शंका असल्यास साध्या तपासण्या आहेत. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले गेल्यास तरुण वयातच रजोनिवृत्ती ओढवते आणि हाडांची ठिसूळता व हृदयविकार यांचा धोका वाढतो. ज्या स्त्रीचे सारे अर्थार्जन शारीरिक श्रमावर अवलंबून आहे, तिच्या बाबतीत हाडांची झीज म्हणजे थेट उत्पन्नाची झीज होय.

या प्रकरणाचा दोष कोणावर ठेवावयाचा, हा प्रश्न सोपा नाही. नफ्यासाठी भीती दाखविणारा डॉक्टर दोषी आहे, यात शंका नाही. परंतु तपासणीची सोय नसलेले आरोग्य केंद्र, स्वच्छतागृह न देणारा कारखाना, खाडा कापणारी ठेकेदारी आणि पाळी ही अडचणच आहे असे मानणारा समाज, यांचा त्यात वाटा आहे. स्त्रीने स्वतः शस्त्रक्रिया मागितली, हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा ठरतो. पर्यायच शिल्लक नसताना केलेली निवड ही स्वतंत्र निवड मानता येत नाही.

२०१९ नंतर बीड जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नव्हता. बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील अशाच घटनांसंबंधी डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय दिला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, राष्ट्रीय, राज्य व जिल्हा स्तरावर देखरेख समित्या स्थापाव्यात आणि अनावश्यक वा संमतीविना शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांना काळ्या यादीत टाकावे, असे निर्देश देण्यात आले. आदेशाची अंमलबजावणी अखेर जिल्हा पातळीवरील नोंदींवरच अवलंबून आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

४. प्रत्यक्ष कृती : यादी, हातमोजे आणि हात

निर्णय योग्य असला तरी कृतीत त्रुटी राहू शकते. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रिया सुरक्षितता यादी प्रसृत केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी व रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्यापूर्वी अशा तीन टप्प्यांवर एकूण १९ बाबी मोठ्याने उच्चारून तपासावयाच्या, असे तिचे स्वरूप आहे. रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, प्रतिजैविक दिले आहे ना, सुया व गॉजचे तुकडे मोजले आहेत ना, अशा या साध्या बाबी आहेत. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत केलेल्या अभ्यासात यादी वापरण्यापूर्वी मृत्यूचे प्रमाण १.५ टक्के होते, ते ०.८ टक्क्यावर आले. गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र पुढे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात हीच यादी सक्तीची केल्यानंतर १०१ रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या असता मृत्यूच्या प्रमाणात अर्थपूर्ण घट आढळली नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासावर बरीच चर्चा झाली. यादी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष त्यातून काढणे घाईचे होईल. कागदावर खूण करणे आणि शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेने शल्यचिकित्सकाला न संकोचता 'थांबा' म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट परिपत्रकाने होते; दुसरीसाठी पदांच्या उतरंडीत बदल व्हावा लागतो. मूल्यांकनाच्या निमित्ताने असंख्य तक्ते भरणाऱ्या महाविद्यालयीन प्राध्यापकांना हा फरक वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

साधनसामग्री मर्यादित असलेल्या देशांसाठी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी अधिक उपयुक्त आहे. भारतासह सात देशांतील ८१ रुग्णालयांत १३,३०१ रुग्णांवर ती करण्यात आली. पोटाच्या शस्त्रक्रियेत जखम शिवण्यापूर्वी हातमोजे व उपकरणे बदलावयाची, एवढाच बदल त्यात होता. जखमेतील जंतुसंसर्गाचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांपर्यंत कमी असल्याचे आढळले. म्हणजे सुमारे पस्तीस रुग्णांमागे एक जंतुसंसर्ग टळतो. जंतुसंसर्ग झालेला रुग्ण अधिक दिवस खाटेवर राहतो, त्याची मजुरी बुडते व कुटुंबावर कर्ज होते, हे ध्यानात घेतल्यास हातमोज्यांच्या एका जोडीचे मोल कळून येते.

कौशल्याचे मापन हा याच संशोधनाचा आणखी एक भाग आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २० शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीद्वारे केलेल्या जठराच्या शस्त्रक्रियांची चित्रफीत अन्य शल्यचिकित्सकांनी, ती कोणाची आहे हे न कळता, तपासून गुण दिले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वाधिक गुण मिळालेल्या गटात ५.२ टक्के आढळले. २०१३ मधील या अभ्यासाने एक अवघड वस्तुस्थिती आकड्यांत मांडली. पदवी समान असली तरी हात समान नसतात. आणि हा फरक रुग्णाला भोगावा लागतो.

५. प्रशिक्षण : भोपळ्यापासून आभासी यंत्रापर्यंत

रुग्णाच्या शरीरावर हात बसविण्यापूर्वी अन्यत्र सराव करावा, हा विचार भारतास नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड यांसारख्या फळांवर, शिवण्याचा सराव जाड वस्त्रावर व मऊ चामड्यावर, तर पट्टी बांधण्याचा सराव पुतळ्यावर करावा असे सांगितले आहे. हे कौशल्य ग्रंथाबाहेरही परंपरेने टिकून होते. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात पुण्यानजीक झालेल्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध झाले. टिपू सुलतानाच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानास, कपाळावरील त्वचा वापरून, वीटभट्टीचा व्यवसाय करणाऱ्या जातीतील एका कारागिराने नवे नाक करून दिले होते. हे वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने लंडन येथे १८१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली आणि आधुनिक सुघटन शल्यचिकित्सेस चालना मिळाली. मात्र या परंपरेची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. ज्याने ही शस्त्रक्रिया केली त्याचे नाव त्या वर्णनात नाही. त्याने किती शस्त्रक्रिया केल्या व किती यशस्वी झाल्या, याची नोंद नाही. नोंदीविना कौशल्य टिकते, पण त्याची तपासणी व सुधारणा होत नाही.

आधुनिक काळात सरावासाठी आभासी यंत्रांचा वापर होऊ लागला. २००२ मधील एका चाचणीत १६ प्रशिक्षणार्थींपैकी आभासी यंत्रावर सराव केलेल्यांनी पित्ताशयाची दुर्बीण-शस्त्रक्रिया २९ टक्के अधिक वेगाने व कमी चुका करून केली. चाचणी लहान होती. परंतु नंतरच्या संशोधनाने तिच्या दिशेस पुष्टीच दिली.

भारतात २०१९ पासून पदवी अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित करण्यात आला व त्यात वृत्ती, नीती व संवाद यांचा स्वतंत्र घटक समाविष्ट झाला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तीन महिन्यांचा जिल्हा निवासी कार्यक्रम २०२० मध्ये अधिसूचित झाला. त्यामुळे शल्यचिकित्सेचा विद्यार्थी जिल्हा रुग्णालयातील मर्यादित साधनांत काम करण्याचा अनुभव घेतो. मोठ्या रुग्णालयात सर्व तपासण्या हाताशी असताना घेतलेला निर्णय आणि ग्रामीण भागात रात्री एकट्याने घेतलेला निर्णय यांतील अंतर कमी करण्याचा हा प्रयत्न आहे.

शस्त्रक्रिया करण्याची पात्रता कोणाची, या प्रश्नावर नोव्हेंबर २०२० मधील अधिसूचनेने मोठा वाद निर्माण केला. आयुर्वेदातील शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अनुक्रमे ३९ व १९, अशा एकूण ५८ शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण देण्याची तरतूद त्यात होती. भारतीय वैद्यकीय संघटनेने ११ डिसेंबर २०२० रोजी देशव्यापी बंद पाळून विरोध नोंदविला. समर्थकांनी ग्रामीण भागातील शल्यचिकित्सकांच्या तुटवड्याकडे लक्ष वेधले. या वादात परंपरा व अस्मिता यांविषयी बरेच बोलले गेले. परिणामांविषयी कमी बोलले गेले. कोणत्याही पदवीच्या शल्यचिकित्सकाने केलेल्या शस्त्रक्रियांत मृत्यू, जंतुसंसर्ग व पुनर्शस्त्रक्रिया यांचे प्रमाण किती, हे सांगणाऱ्या नोंदी उपलब्ध असल्या तरच असा वाद निकाली निघू शकतो.

६. संमती : सहीपूर्वीचे संभाषण

वरील तिन्ही कर्तव्यांना जोडणारा धागा रुग्णाची संमती हा आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये याविषयी सविस्तर विवेचन केले. ४४ वर्षांच्या एका स्त्रीने दुर्बिणीद्वारे तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. रुग्ण सज्ञान व सक्षम असताना, आणि तातडीने जीव वाचविण्याची निकड नसताना, नातेवाइकाची संमती पुरेशी होत नाही. तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी लागू होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, धोके, अन्य पर्याय आणि उपचार न केल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती दिल्यानंतरच संमती वैध ठरते.

बीड जिल्ह्यातील प्रकरणाकडे या दृष्टीने पाहिल्यास एक बाब ठळकपणे पुढे येते. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा असणे आणि संमती असणे या भिन्न गोष्टी आहेत. 'पिशवी' या एका शब्दात गर्भाशय व बीजकोश दोन्ही समजले जात असतील, तर स्त्रीने नेमकी कशास संमती दिली हेच ठरत नाही. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद लावणे रुग्णालयांस बंधनकारक झाले. भिंतीवरील सनद उपयुक्त आहेच. परंतु ती वाचू न शकणाऱ्या रुग्णासाठी संभाषण हाच एकमेव मार्ग उरतो. साध्या मराठीत, आकडे समजतील अशा रीतीने, प्रश्न विचारण्यास वाव देऊन केलेले हे संभाषण वैद्यकीय कौशल्याचाच भाग मानले पाहिजे.

येथे अन्य विद्याशाखांच्या अध्यापकांना वाव आहे. संमतीपत्राची भाषा सुबोध करणे हे भाषेच्या अध्यापकाचे, त्यातील धोक्याचे प्रमाण 'शंभरांत किती' अशा स्वरूपात मांडणे हे संख्याशास्त्राच्या अध्यापकाचे, तर हंगामापूर्वी व हंगामानंतर तोडणी कामगारांच्या आरोग्याची पाहणी करणे हे समाजशास्त्र व राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांचे काम होऊ शकते.

निष्कर्ष

१) शस्त्रक्रियांचा तुटवडा व अतिरेक या परस्परविरोधी समस्या नसून एकाच उणिवेची दोन रूपे आहेत. गरज कोणाची व किती, हे पुराव्याने न ठरविता रुग्णाची ऐपत, भीती वा सोय यांवरून ठरते, तेव्हा दोन्ही समस्या एकाच वेळी उद्भवतात.
२) टाटा स्मारक केंद्राच्या चाचण्यांवरून असे दिसते की, महत्त्वाच्या शस्त्रक्रियाविषयक प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्रातच, येथील रुग्णांच्या सहभागाने व अल्प खर्चात मिळविता येतात.
३) सुरक्षितता यादीसारखे उपाय केवळ आदेशाने परिणामकारक होत नाहीत, त्यासाठी शस्त्रक्रियागृहातील प्रत्येक घटकास बोलण्याची मोकळीक असावी लागते.
४) प्रशिक्षणाचे मूल्यमापन पदवी व परीक्षा यांबरोबरच रुग्णांवरील परिणामांच्या नोंदींवरूनही झाले पाहिजे.
५) बीड जिल्ह्यातील स्त्रियांच्या बाबतीत शल्यचिकित्सा हा सामाजिक व आर्थिक अन्यायावरचा उपाय म्हणून वापरली गेली. फडावर पाणी व स्वच्छतागृह, खाड्याच्या दंडापासून मुक्तता आणि जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणीची सोय या गोष्टी मिळाल्या असत्या, तर त्यांतील अनेक शस्त्रक्रिया टळल्या असत्या.

पालशेतच्या तरुणाच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी खटल्याचा अंतिम निर्णय झाला आणि त्यातून तीन कर्तव्ये निश्चित झाली. ती कर्तव्ये आजही तीच आहेत. ती पार पाडण्यासाठी लागणारे ज्ञान मात्र कितीतरी वाढले आहे. हे ज्ञान मुंबईच्या रुग्णालयातून बीडच्या शुश्रूषागृहापर्यंत आणि तेथून उसाच्या फडापर्यंत पोहोचविणे, हे यापुढील काळातील वैद्यकीय शिक्षणापुढील प्रमुख आव्हान आहे.